'नॉन-कॉग्निझेबल' म्हणजे नक्की काय? हा शब्द कसा वापरायचा?

सावली_दुपारची

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी वाद झाला. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या आईला नको त्या शिव्या दिल्या, वर 'बघून घेतो' म्हणून धमकावलं. आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. त्यांनी ती लिहून घेतली आणि एक कागद हातात दिला. वर लिहिलंय 'अदखलपात्र गुन्ह्याची खबर' आणि खाली शेवटची ओळ आहे, 'तक्रारदारास मा. न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.'

आई ते वाचून फार दुखावली आहे. 'एवढं ऐकून घेतलं, तरी यांच्या लेखी दखल घेण्यासारखं काही झालंच नाही. आणि समज कुणाला, तर मलाच!' असं म्हणते आणि गप्प बसते.

आमच्या कमिटीत बरेच जण अमराठी आहेत, म्हणून पत्र इंग्रजीत द्यायचं आहे. मी अदखलपात्र गुन्ह्याला 'अ‍ॅन ऑफेन्स नॉट वर्थ टेकिंग नोटीस ऑफ' असं लिहिलं. बंगळुरूहून दादाचा फोन आला की असं लिहिलंस तर कमिटी पत्र बाजूलाच ठेवेल, त्याला 'नॉन-कॉग्निझेबल' म्हणतात. शब्दकोशात पाहिलं तर कॉग्निझेबलचा अर्थ 'जाणता येण्याजोगा' असा दिलाय. म्हणजे आईला दिलेल्या शिव्या जाणता न येण्याजोग्या?

कुणीतरी नीट सांगा. कॉग्निझेबल म्हणजे काय, कुठे वापरतात, आणि कॉग्निझंट, कॉग्निझन्स हे त्याचे कोण लागतात?

---

रानजाई

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीची एक एनसी (असाच नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र गुन्ह्याचा कागद) पडून आहे, तिचा अर्थ आजवर कुणी सांगितलेला नाही.

---

टपरीवरचा_चहा

एनसी म्हणजे 'नो चान्स' असं आमच्या नाक्यावर मानतात.

---

काळाकोट

सावलीताई, आधी आईंना सांगा की 'अदखलपात्र' हा त्यांच्या तक्रारीवरचा शेरा नाही. तो गुन्ह्याचा कायद्यातला वर्ग आहे आणि प्रश्न फक्त एवढाच असतो: या गुन्ह्यात पोलिसांना कोर्टाला न विचारता काम सुरू करता येतं का?

येत असेल तर तो कॉग्निझेबल, दखलपात्र. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, स्वतःहून तपास करू शकतात आणि एफआयआर नोंदवावाच लागतो. येत नसेल तर नॉन-कॉग्निझेबल. तिथे पोलिसांनी खबरीचा सारांश नोंदवहीत लिहायचा आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं, असं कायदाच सांगतो. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करायची त्यांना मुभाच नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. एफआयआरचं जुनं १५४ आता १७३ झालंय.

तुमच्या कागदावरची शेवटची ओळ त्यातूनच आली. 'समज दिली' म्हणजे इथे तंबी दिली असं नाही, 'कोर्टात जाता येईल हे समजावून सांगितलं' एवढंच. पोलिसी मराठीत ही ओळ वर्षानुवर्षं अशीच चालत आली आहे. ती बदलायला हवी हे मात्र खरं, कारण वाचणारा नेमका उलटा अर्थ घेतो.

---

स्पर्धा_परीक्षार्थी

सर, म्हणजे गंभीर गुन्हा तो दखलपात्र आणि किरकोळ तो अदखलपात्र, असंच ना? क्लासमध्ये असंच लिहून दिलंय.

---

काळाकोट

ढोबळ मानाने तसं दिसतं, पण परीक्षेत तसं लिहू नका. संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची आहे. तिच्यात एकेक कलम घेऊन शिक्षा किती, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि खटला कुठल्या कोर्टात, असे रकाने भरलेले आहेत. तो तक्ता वाचला की क्लासचं सूत्र डळमळतं.

भरधाव, बेदरकार गाडी चालवणं, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २७९, आता भारतीय न्याय संहितेचं २८१. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, तरी दखलपात्र. कारण उघड आहे, पोलिसाने तिथल्या तिथे हात घालायला हवा. उलट न्यायालयात खोटी साक्ष देणं, जुनं कलम १९३. शिक्षा सात वर्षांपर्यंत, तरी अदखलपात्र. तिथे काय करायचं ते कोर्टाने ठरवावं, पोलिसाने परस्पर साक्षीदाराला उचलू नये.

जुन्या ४९४ खालचं दुसरं लग्नही अदखलपात्र होतं, बदनामीही. जिवे मारण्याची धमकी, जुन्या ५०६ चा दुसरा भाग, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तीही अनुसूचीत अदखलपात्र.

जिथे कायद्याने वेगळं काही सांगितलेलं नाही, त्या इतर कायद्यांतल्या गुन्ह्यांसाठी अनुसूचीच्या शेवटी एक सर्वसाधारण नियम आहे: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर दखलपात्र, कमी असेल तर अदखलपात्र. तुमच्या क्लासचं सूत्र बहुधा तिथून उचललं असावं.

---

ढोलताशा

आमच्या गावाकडं हे सगळं लोकांना दातावरून कळतं. हाणामारीत थोबाडलं, खरचटलं, ओठ फुटला तर साधी दुखापत, एनसी. दात पडला की ३२५! माझ्या चुलत्याचा बांधावरच्या भांडणात दात हलत होता. दवाखान्यात जाईपर्यंत सगळं गाव त्याला विचारत होतं, 'पडला का?' विरोधी पार्टीची दोन माणसं दवाखान्याच्या दारात उभी होती, तीही तेच विचारत होती. डॉक्टरांनी तपासून 'फ्रॅक्चर' असं लिहिलं आणि तासाभरात वातावरण बदललं.

---

काळाकोट

@ढोलताशा, बरोबर. दात किंवा हाड मोडणं किंवा निखळणं म्हणजे 'जबर दुखापत', जुनं ३२५, आणि ती दखलपात्र. साधी दुखापत, जुनं ३२३, अदखलपात्र. जबर दुखापतीच्या व्याख्येत आणखी एक कसोटी होती, वीस दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणं. न्याय संहितेने ते वीसचे पंधरा दिवस केले. म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र नीट घ्यावं. नुसत्या 'इंज्युरी' या शब्दावर थांबू नये.

---

शब्दवेल्हाळ

मी भाषेच्या अंगाने बोलतो.

मूळ लॅटिन 'कॉग्नोस्केरे', जाणणे. त्यातला 'ग्नो', इंग्रजी 'नो' आणि आपल्या संस्कृतातला 'ज्ञा' हे एकाच मुळाचे आहेत, म्हणजे 'जाणणे' हे आपलं क्रियापदही त्याच घराण्यातलं. रेकग्नाइझ, इन्कॉग्निटो, फ्रेंचातून आलेला कॉनसर, लष्करातलं रेकनसन्स, सगळी याच कुळातली मंडळी.

पण इंग्लंडच्या कायद्यात कॉग्निझन्सचा अर्थ फार पूर्वीच 'जाणणे' या पायरीवरून पुढे सरकला. एखादा विषय हाती घेऊन त्याची चौकशी करायचा अधिकार, असा तो झाला. अमुक विषय अमुक कोर्टाच्या कॉग्निझन्समध्ये येतो, म्हणजे त्या कोर्टाच्या अखत्यारीत येतो. आपल्या फौजदारी कायद्यातलं कॉग्निझेबल हे या दुसऱ्या अर्थातून आलंय: पोलिसांच्या अखत्यारीतला. शब्दकोशातला 'जाणता येण्याजोगा' हा अर्थ चुकीचा नाही, पण तो तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात चालेल, पोलीस ठाण्यात नाही.

आणि म्हणूनच 'दखलपात्र' हा मराठी शब्द मला चांगला वाटतो. दखल मुळात अरबी, आत शिरणे. हिंदीत आजही 'दखल देना' म्हणजे मध्ये पडणे. पोलीस मध्ये पडू शकतात तो दखलपात्र, अगदी चपखल. अडचण एवढीच की आजच्या मराठीत 'दखल घेणे' म्हणजे महत्त्व देणे असा अर्थ रुळलाय. सावलीताईंच्या आईंना लागलं ते त्यामुळेच.

---

रानजाई

@शब्दवेल्हाळ, शब्द चपखल असेल, पण ज्याच्या हातात कागद पडतो त्याला तो अपमान वाटत असेल तर त्या चपखलपणाचा उपयोग काय? 'पोलिसांना थेट तपासाचा अधिकार नसलेला गुन्हा' असं सरळ का छापू नये? लांब असला तरी कळतो. आमच्या सासूबाईंनी तो कागद देवघराच्या फडताळात ठेवला होता, कुणाला दिसू नये म्हणून.

---

शब्दवेल्हाळ

कागदावर मथळा तोच ठेवून खाली एक ओळ स्पष्टीकरणाची छापावी, इतपत मला मान्य. पारिभाषिक शब्द बदलला तर जुने निकाल, जुनी नोंदणी, कायद्याची मराठी भाषांतरं, सगळ्यांशी फारकत होईल.

---

इंदूरची_माई

आमच्या इंदुरात हिंदीत संज्ञेय आणि असंज्ञेय. ते शब्दकोशातलं जाणणंच जसंच्या तसं उचललंय, त्यामुळे सामान्य माणसाला त्यातून काहीच कळत नाही. मराठीतलं दखलपात्र कितीतरी बरं. ठाण्यात मात्र असंज्ञेय कुणी म्हणत नाही. तिथे 'अदम चेक काट दिया' म्हणतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटायचं अदम नावाचा कुणी पैशाचा चेक देतोय. अदम म्हणजे नसणे. जुन्या उर्दू लिखापढीत कॉग्निझेबलला 'काबिले दस्तंदाजी' म्हणत, म्हणजे पोलिसांनी हात घालण्याजोगा.

---

शब्दवेल्हाळ

माई, दस्तंदाजी म्हणजे हात घालणे, दखल म्हणजे आत शिरणे. जुन्या मुनशींना इंग्रजी शब्द नेमका कळला होता. अदम चेकबद्दल खास आभार, वाचनखूण साठवली.

---

सजग_नागरिक

इतकं गोड बोलू नका हो सगळे. व्यवहारात हा शब्द पोलिसांची ढाल झालाय. लोकलमध्ये माझा मोबाईल खिशातून मारला. चोरी म्हणजे दखलपात्र गुन्हा, एफआयआर व्हायलाच हवा. ठाण्यात मला 'गहाळ' असं लिहायला सांगितलं. गहाळ म्हटलं की गुन्हाच नाही, दाखला घ्या आणि नवीन सिमकार्ड काढा. मी चोरी म्हणतोय, ते गहाळ म्हणतायत, असा अर्धा तास वाद चालला. हद्दीत गुन्हे कमी दिसावेत म्हणून हे चालतं आणि शब्दांच्या आड चालतं.

---

निवृत्त_अंमलदार

मी नोकरीची बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काढली. सजग_नागरिक म्हणतात ते घडतं, मी नाकारणार नाही. एफआयआर घेतला की तपास, पंचनामा, जबाब, आरोपपत्र, वरिष्ठांची विचारणा. एनसी लिहिली की टेबल मोकळं. माणसं कमी आणि बंदोबस्त रोजचा, अशा ठिकाणी मोह होतो. ते समर्थन नाही.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. वैवाहिक, व्यापारी व्यवहाराच्या, वैद्यकीय हलगर्जीच्या अशा काही प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. तीही खबर खरी की खोटी हे ठरवण्यासाठी नाही, दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढंच पाहण्यासाठी. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. हद्द आपली नाही हेही कारण चालत नाही, झिरो एफआयआर आता संहितेतच आलाय.

चोरीत मात्र बदल झालाय तो लक्षात ठेवा. पूर्वी चोरी कितीचीही असो, दखलपात्र. नवीन कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली आहे. साध्या फोनची बिलं सापडत नसली तर किमतीवरून वाद होणार हे उघड आहे. बिल जपून ठेवा.

आणि एनसी म्हणजे पोलिसांचे हात बांधलेत असंही नाही. तपास करता येत नाही, पण पुढचं भांडण टाळण्यासाठी कारवाई करता येते. समोरच्याला ठाण्यात बोलावून प्रतिबंधक नोटीस देता येते, जुन्या प्रक्रिया संहितेचं १४९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६८. शांतताभंगाची भीती असेल तर १०७ चा प्रस्ताव, आता १२६. आमच्या भाषेत चॅप्टर केस. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि बंधपत्र लिहून घेतलं जातं. शेजाऱ्याच्या भांडणात पुष्कळदा एफआयआरपेक्षा चॅप्टरने जास्त फरक पडतो, कारण बंधपत्र मोडलं तर अंगाशी येतं.

---

टपरीवरचा_चहा

आता कळलं 'चॅप्टर माणूस आहे' असं का म्हणतात!

---

काळाकोट

@टपरीवरचा_चहा, ही कारवाई जुन्या प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणातली, म्हणून चॅप्टर केस. बोलीतला चॅप्टर तिथूनच आला का ते शब्दवेल्हाळ सांगतील.

---

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत गुन्ह्यांच्या बाबतीत कॉग्निझेबल हा शब्द कानावर पडत नाही. इथे वर्ग फेलनी आणि मिसडिमीनर. पण शब्द कायद्यात जिवंत आहे. कोर्ट म्हणतं, 'धिस इज नॉट अ कॉग्निझेबल क्लेम', म्हणजे हा दावा आम्ही ऐकू शकत नाही. दावा खरा की खोटा यावर ते काहीच बोलत नसतं. ज्युरी निवडताना 'कॉग्निझेबल ग्रुप' म्हणतात, कायद्याने वेगळा ओळखता येईल असा समाजगट.

इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने 'अरेस्टेबल ऑफेन्स' हा वर्ग आणला होता, तो २००५ च्या कायद्याने गेला. आपल्या कॉग्निझेबलच्या जवळ जाणारा तोच. म्हणजे ज्यांच्याकडून आपण कायद्याची भाषा घेतली त्यांच्याकडे या अर्थाने हा शब्द आता फारसा उरला नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश मात्र तो रोज वापरतात. इथल्या वकिलाला पत्र लिहाल तेव्हा 'नॉन-कॉग्निझेबल' एवढंच लिहून भागणार नाही, खुलासा लागेल.

---

हिशेबनीस

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या गिऱ्हाईकाचा चेक वटला नाही. वकिलांनी नोटीस दिली, मग कोर्टात तक्रार केली. वकील म्हणाले, 'हा गुन्हा नॉन-कॉग्निझेबल आहे, पोलिसांकडे जाऊ नका.' पुढच्या तारखेला तेच म्हणाले, 'कोर्टाने कॉग्निझन्स घेतला.' नॉन-कॉग्निझेबलचा कॉग्निझन्स कसा काय घेतला?

---

काळाकोट

हिशेबनीस, तुम्ही या धाग्याच्या मुळावर बोट ठेवलंत. सावलीताई, तुम्हीही हे वाचा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

कॉग्निझेबल हे विशेषण पोलिसांच्या संदर्भातलं आहे. कॉग्निझन्स घेणं ही कोर्टाची क्रिया आहे. कोर्टाने कॉग्निझन्स घेतला म्हणजे मॅजिस्ट्रेटने प्रकरण वाचून, गुन्हा घडल्याचं दिसतंय म्हणून त्यावर पुढची कार्यवाही करायचं ठरवलं. गुन्हा पोलिसांसाठी नॉन-कॉग्निझेबल असला तरी कोर्ट त्याचा कॉग्निझन्स घेऊ शकतं. किंबहुना त्या गुन्ह्यांसाठी तोच नेहमीचा रस्ता आहे. चेक न वटण्याच्या प्रकरणांत (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, कलम १३८) तर कायदा सांगतो की कोर्टाने लेखी तक्रारीवरूनच कॉग्निझन्स घ्यावा.

कॉग्निझंट याचा या दोघांशी व्यवहारात संबंध नाही. 'आय अ‍ॅम कॉग्निझंट ऑफ द फॅक्ट' म्हणजे मला त्याची जाणीव आहे. ते माणसाला लागतं, गुन्ह्याला नाही. 'कॉग्निझंट ऑफेन्स' असं काही नसतं, तरी अर्जांत ते सर्रास दिसतं.

आणि दखलपात्र म्हणजे अजामीनपात्र नव्हे. हा गोंधळ बातम्यांतही असतो. जबर दुखापत दखलपात्र आहे, पण जुन्या ३२५ खाली जामीनपात्र होती. पोलीस पकडू शकतात का हा एक प्रश्न, पकडल्यावर जामीन हक्काने मिळतो का हा दुसरा. अनुसूचीत त्यांचे रकाने वेगळे आहेत ते उगाच नाही.

---

हिशेबनीस

फी देऊन जे कळलं नाही ते इथे कळलं. धन्यवाद साहेब.

---

जुना_लघुलेखक

उच्चाराबद्दल कुणीच बोललं नाही. मी कोर्टात डिक्टेशन घ्यायचो. जुने बॅरिस्टर 'कॉनिझन्स' म्हणत, ग न उच्चारता. नंतरच्या पिढीत 'कॉग्निझन्स' रूढ झालं. आता दोन्ही उच्चार बरोबर धरतात. भारतीय कायद्यात स्पेलिंग मात्र झेडने, एसने नाही. पत्रात झेडच लिहा.

---

निवृत्त_अंमलदार

सावलीताई, एक विचारायचं राहिलं. शेजारी नेमकं काय बोलला, हे तुमच्या खबरीत लिहिलंय का? की नुसतं 'शिवीगाळ केली' असं आहे?

---

सावली_दुपारची

काका, कागदावर 'शिवीगाळ व दमदाटी केली' एवढंच आहे. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं होतं, पण समोर चार पुरुष बसले होते. आईने मान खाली घातली आणि म्हणाली, 'वाईट बोलला.' त्यांनी तेच लिहून घेतलं. मलाही तिने अजून शब्द सांगितलेले नाहीत.

---

निवृत्त_अंमलदार

हेच मला वाटत होतं. माझ्या टेबलावर हे फार वेळा घडलेलं पाहिलंय. बाई संकोचाने शब्द सांगत नाही, लिहिणारा 'शिवीगाळ' लिहून मोकळा होतो, आणि त्या एका शब्दावर प्रकरणाचा वर्ग ठरतो. आईंना म्हणावं, महिला अंमलदारापुढे जबाब द्यायचा आहे असं सांगा. आणि शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा, सभ्य करून नाही.

---

काळाकोट

काकांच्या मुद्द्याला जोडून. साधी अपमानास्पद शिवीगाळ, जुनं ५०४, आता न्याय संहितेचं ३५२, अदखलपात्र. पण स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द, जुनं ५०९, आता ७९, हे दखलपात्र आहे. सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला त्रास होईल असे अश्लील शब्द, जुनं २९४, आता २९६, हेही दखलपात्र. प्रत्येक शिवी त्यात बसतेच असं नाही. कोर्ट शब्द, हेतू आणि प्रसंग पाहतं. पण शब्दच कागदावर नसतील तर पाहणार काय?

आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ चं चौथं पोटकलम लक्षात ठेवा: एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला तरी पूर्ण प्रकरण दखलपात्र मानलं जातं. मग धमकीचाही तपास होतो.

---

सजग_नागरिक

हे पोलिसांनीच विचारून घ्यायला हवं ना? चार लोकांसमोर वयस्कर बाईला विचारलं तर ती कशी सांगणार?

---

निवृत्त_अंमलदार

हवंच. तुमचं बरोबर आहे.

---

इंदूरची_माई

सावली, आईला सांग की शब्द त्याचे आहेत, तिचे नाहीत. सांगायला लाज वाटत असेल तर घरी कागदावर लिहून घ्या आणि तो कागदच द्या.

---

सावली_दुपारची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. दाताचा किस्सा ऐकून ती बऱ्याच दिवसांनी हसली. मग माईंनी सांगितल्याप्रमाणे तिने एका कागदावर लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी वाचलं. ते इथे लिहिणार नाही, पण 'शिवीगाळ' या शब्दात ते मावणारं नाही.

आज महिला अंमलदारांसमोर पुरवणी जबाब द्यायला जातोय. कमिटीच्या पत्रातलं वाक्य आता असं केलंय: 'द पोलीस हॅव रेकॉर्डेड अ नॉन-कॉग्निझेबल रिपोर्ट, अँड माय मदर इज सबमिटिंग अ सप्लिमेंटरी स्टेटमेंट.' चालेल ना?

---

जुना_लघुलेखक

उत्तम. त्यात एनसीचा क्रमांक आणि तारीख घाला. 'नॉट वर्थ टेकिंग नोटीस' वाला मसुदा फाडून टाका, चुकून तोच जोडला जाईल.

---

काळाकोट

पुढे एक ओळ वाढवा की नॉन-कॉग्निझेबल म्हणजे या टप्प्यावर पोलिसांना तपासासाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. कमिटीतल्या कुणीतरी 'पोलिसांनीच सोडून दिलंय' म्हणायच्या आत ते सांगितलेलं बरं.

---

रानजाई

आणि जबाबाच्या अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. मीही आज आमची जुनी एनसी फडताळातून काढतेय. काळाकोट साहेब, दोन वर्षांनी मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं का?

---

काळाकोट

मुदतीचा नियम आहे. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, एक ते तीन वर्षं असेल तर तीन वर्षं. तुमच्या कागदावर कलम कोणतं लिहिलंय ते टाका, मग सांगतो.